लवू परबांची फळी

सायकलचं पुढचं चाक फळीवर चढलं तेव्हा श्रुतिकाला वाटलं, आज जमणार. मधल्या टेकूपर्यंतही तिला तसंच वाटत होतं. खाली कोरडा नाला, त्यात सागाच्या वाळलेल्या पानांचा खच, समोर सरळ पुढे गेलेली फळी आणि फळीच्या टोकाला मुरमाचा उतार. मग नेहमीच्या जागी नेहमीचंच झालं. टोक अजून लांब आहे, जपून, असं तिच्या हातांनी परस्पर ठरवून टाकलं. बोटं ब्रेकवर गेली, सायकल मंदावली, डुलली, आणि ती सायकल सोडून खाली पानांत उडी मारून उभी राहिली. सायकल तिच्यामागून आली.

"ह्या वेळचं लँडिंग झकास होतं," वरून तिचा सायकलवाला मित्र निहार म्हणाला. "एकदम मांजर."

"गप रे."

"खरंच सांगतोय. पडण्याची स्पर्धा ठेवली ना, तर तुला कोणी हरवू शकत नाही."

श्रुतिकाने हेल्मेट काढलं, केसांतली पानं झटकली, हेल्मेट पुन्हा घातलं, पट्टा लावला आणि काही कारण नसताना पुन्हा सोडला. गेला महिनाभर तिचं हे असं चाललं होतं. अंधेरीला औषधांच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेत ती काम करायची. तिथे काचेच्या नळीतल्या रेषेवर डोळा ठेवून तसूभरही न हलता बसणारी म्हणून ती प्रसिद्ध होती. आता तिथेही टेबलाखाली तिचा पाय हलत राहायचा. शेजारची निधी एकदा म्हणाली होती, "श्रुतिका, तुझ्या पायाने माझा तराजू हलतोय गं."

नाल्याच्या काठावर शर्मिष्ठा उभी होती. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, धंद्याने आर्किटेक्ट. मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी भाऊराव म्हात्रे नावाच्या गृहस्थांची दगडाची खाण वर्षानुवर्षं बंद पडून होती. त्यांच्याकडे खेटे घालून, त्यांची परवानगी मिळवून तिथे सायकलची वाट उभी करायचं डोकं हिचंच. डोंगरउतारावरून वळणं घेत येणारी वाट, आणि वाटेत लाकडाचे अडथळे. एके ठिकाणी ओंडके शिडीसारखे टाकलेले, एके ठिकाणी मधोमध तोललेली फळी, जी चढताना वर असते आणि अर्ध्यावर गेलं की पुढे खाली जाते, एके ठिकाणी कमरेइतका लाकडी ओटा, ज्यावरून सायकलसकट उडी मारायची. आणि सगळ्यांत शेवटी नाल्यावरची ही अरुंद फळी. लाकडी घोड्यांवर उभी, या काठावरून त्या काठाला जाणारी.

"उद्या सकाळी ठाण्याची आणि पुण्याची मंडळी येतायत," शर्मिष्ठा म्हणाली.

"माहितीये, शर्मिताई."

"मग मला परत बोलायला लावू नकोस. मला काय आनंद आहे का?"

तिने जे बोलायचं टाळलं तो त्यांचा एकुलता एक नियम होता. ज्याने अडथळा बांधला, त्यानेच तो सगळ्यांत आधी चालवायचा. तोपर्यंत दुसऱ्या कुणी त्यावर चाक ठेवायचं नाही, आणि वाट खुली होईपर्यंत बांधणाऱ्याला जमलं नाही तर अडथळा उतरवायचा. सुरुवातीला एकाने हौसेने उंच उडी बांधली होती, स्वतः मात्र गेला नव्हता. त्याच्या शब्दावर दुसरा गेला आणि मनगट मोडून घेऊन आला. प्लास्टर होईपर्यंत शर्मिष्ठा त्याच्याजवळ बसून होती. तिथेच तिने हा नियम केला.

फळी बांधली होती श्रुतिकाच्या वडिलांनी. लवू परबांना सत्तरी जवळ आलेली, गुडघे गेलेले. ते सायकलवर बसणं शक्यच नव्हतं. तेव्हा श्रुतिकाच म्हणाली होती, "बाबांच्या वतीने मी चालवीन." किती सहज म्हणाली होती.

*

लवू परब गिरणीत होते ते तरुणपणी. गिरणी बंद पडल्यावर गावचा दत्ताराम त्यांना गोरेगावला घेऊन गेला, सिनेमाच्या सेटवर सुतारकामाला. तिथून ते निवृत्त होईपर्यंत हलले नाहीत. त्यांनी राजवाडे बांधले, कोर्ट बांधली, पोलीस चौक्या बांधल्या, एकदा तर अख्खं रेल्वे स्टेशन. शूटिंग संपलं की त्याच हातांनी सगळं उतरवायचं, खिळे उपटायचे, लाकूड गोदामात. दुसऱ्या दिवशी त्याच लाकडाचं देऊळ.

मालाडच्या घरी टीव्हीवर जुना सिनेमा लागला की ते जेवताना थांबायचे. "तो जिना बघ. माझो."

"जिनो तुमचो," श्रुतिकाची आई प्रेमा कढईवरून मान वर न करता म्हणायची, "आणि आमच्या माळ्यार चढाक शिडी नाय."

लवू हसायचे. जिन्यावरून हिरॉईन धावत यायची, दृश्य बदलायचं, जिना जायचा. लहानपणी श्रुतिकाने एकदा विचारलं होतं, "बाबा, तो जिना आता कुठे आहे?" ते म्हणाले होते, "खयचो जिनो? काढलो." दात काढला असं सांगावं इतक्या सहज. त्यांनी बांधलेली एकही गोष्ट या शहरात उभी नव्हती. आयुष्यभर सुतारकाम केलेल्या माणसाला हात लावून दाखवता येईल असं एक लाकूड नव्हतं. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. त्यामुळेच तर तिने त्यांना खाणीवर नेलं होतं. म्हटलं, नाल्यावर वीतभर रुंदीची लांब फळी हवी आहे, भक्कम, वर्षानुवर्षं टिकेल अशी.

"वर्षानुवर्षं?" त्यांनी विचारलं होतं.

दत्तारामच्या ओळखीने गोदामातलं जुनं लाकूड आलं. जाड तुळया, चांगला माल. फळ्यांच्या खालच्या अंगाला अजून कुठल्यातरी महालाचा संगमरवर रंगवलेला होता, करड्या शिरांसकट. लवू रोज बसने यायचे आणि एकटेच काम करायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. फळी झाली तेव्हा सगळ्यांनी मधोमध उभं राहून उड्या मारून बघितल्या. कुठे कुरकुर नाही.

फक्त निहारने खाली वाकून विचारलं होतं, "काका, हे खिळे पूर्ण का नाही ठोकले? बोटभर बाहेर आहेत."

"उपटायला सोपे जातात."

"पण उपटायचे कशाला?"

लवूंनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू पोराने भात जेवून ताट कशाला घासायचं असं विचारलंय. त्यांच्या कामात खिळ्याचं डोकं बाहेर ठेवायचंच असतं. उतरवताना जंबुराच्या जबड्यात ते सापडावं लागतं. पूर्ण ठोकणारा सुतार सेटवर दुसऱ्या दिवशी दिसत नाही.

"बाजूच्या पट्ट्यांचे आहेत, चाकाखाली येत नाहीत," श्रुतिका मध्ये पडली होती. "भार खालच्या बोल्टांवर आहे. राहू दे रे."

*

शनिवारी दुपारी ती घरी आली तेव्हा लवू खिडकीशी बसून जंबूर पुसत होते. खिळे उपटायचं ते जुनं हत्यार त्यांनी तेल लावून चकचकीत केलं होतं.

"झाला काय?" त्यांनी विचारलं.

"उद्या होईल."

"हां."

त्यांनी जंबूर पिशवीत ठेवलं, हातोडीशेजारी. श्रुतिकाने ते बघितलं. ती स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा ग्लास भरला, न पिता ठेवला, बाहेर आली, पुन्हा आत गेली.

"एका जागी बस गो!" प्रेमा ओरडली. "भूत मागे लागल्यासारखा काय फिरतंस? जेवलंस?"

"भूक नाही."

"तुझो बापूस पण जेवक नाय. दोघां जाणा त्या फळयेर जाऊन बसा, मी एकटाच जेवतंय."

श्रुतिका गॅलरीत गेली. खाली रिक्षांची रांग, पलीकडे डोंगर, डोंगराच्या पलीकडे मुलुंड. टोक लांब वाटतं म्हणून मी हळू होते. हळू झाले की डुलते. हे तिला पक्कं कळलेलं होतं. दोन चाकांवरची वस्तू वेगाने सरळ राहते, मंदावली की आडवी होते, यात डोकं खाजवण्यासारखं काही नव्हतं. कळत नव्हतं ते एवढंच, की टोक लांब का वाटतं. त्याच नाल्याच्या काठाने ती चालत कितीदा गेली होती. नाला लहान होता.

रोज ती मोजमापात जगत होती, पण त्या फळीला तिने कधी टेप लावला नव्हता. बाबांच्या कामाला टेप लावायचा, ते समोर असताना? तिच्या मनातही आलं नव्हतं.

*

रविवारी उजाडताच ती गोरेगाव-मुलुंड लिंक रोडने सायकल हाणत खाणीवर पोचली. कुणी आलेलं नव्हतं. पळसाला फुलं आली होती आणि त्यांत बुलबुल भांडत होते. तिने सायकल झाडाला टेकवली आणि फळीवर पायी चढली. दोन्ही पाय शेजारी ठेवून उभी राहिली, मग हळूहळू, खाली न बघता, पुढे सरकत गेली. मधल्या टेकूशी बूट एकमेकांना घासले. आणखी पुढे गेल्यावर उजवा बूट लाकडावर नव्हताच. अर्धा हवेत होता.

तिने खाली बघितलं. दोन्ही पाय मावत नव्हते. एक पाय दुसऱ्याच्या पुढे ठेवावा लागत होता.

ती गुडघ्यांवर बसली आणि हाताने मोजत मागे आली. टोकाला वीत पुरी होत नव्हती, चार बोटं कमी. मधोमध बरोबर वीत. सुरुवातीला वीत आणि वर चार बोटं. दोन्ही कडा दोरी लावल्यासारख्या सरळ, आणि दोन्ही एकमेकींकडे झुकत गेलेल्या. करवत कुठे उडालेली नाही, कुठे चुकलेली नाही. मुद्दाम केलेलं काम.

ती पलीकडच्या काठावर गेली आणि पहिल्यांदाच टोकाकडून फळीकडे बघितलं. इथून ती आखूड, रुंद, पाटासारखी दिसत होती.

लवू बसमधून उतरून आले तेव्हा ती नाल्यात येरझाऱ्या घालत होती. ते पिशवी सांभाळत, गुडघा धरत उतरले.

"बाबा, ही फळी पुढे अरुंद आहे."

"हां. निमुळती नेलीय."

"का?"

"लांब दिसाक होयी ना," ते म्हणाले. तिने मुळात विचारावं याचंच त्यांना नवल वाटलं होतं. "नालो एवढोसो. सरळ फळी टाकली असती तर गटारावर लादी टाकल्यासारखी दिसली असती. निमुळती नेली की कशी, दरीवरचा पूल वाटतो. महालाचा हॉल असाच करायचो आम्ही. मागचे खांब बुटके, जवळ जवळ. दिसायचा हत्ती फिरतील एवढा, आणि असायचा आपल्या गॅलरीएवढा."

"मी तुम्हाला वीतभर म्हटलं होतं."

"मध्ये मोज. वीतच आहे."

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी इतका राग आला, की तिने पायाने पानांचा ढीग उडवला. "बाबा, हा शॉट नाहीये! ह्याच्यावरून माणूस जाणार आहे."

"आमच्याकडे पण माणसं जायची."

"कशी जायची?"

लवूंनी विचार केला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "अर्ध्यापर्यंत," ते म्हणाले. "पुढे कट."

वर बुलबुलांचं भांडण चालूच होतं. मग लवू खाली बसले, पिशवी उघडली, जंबूर बाहेर काढलं आणि पहिल्या पट्टीच्या खिळ्याला लावलंसुद्धा.

"काय करताय?"

"काढतो. तुझी मंडळी येईसर साफ करून टाकतो. वेळ नाय लागायचा, डोकी बाहेरच आहेत." त्यांचा आवाज अगदी साधा होता. रोजचंच काम. तिला वाटलं, यांनी थोडं तरी वाईट वाटून घ्यावं. आरडाओरडा करावा, तिला दोष द्यावा. पण हात सरावाने खिळ्याभोवती बसले होते. यासाठीच काल हत्यार पुसलं होतं. त्यांना पहिल्यापासूनच माहीत होतं, की हेही उतरवायचंच आहे.

"कुणी सांगितलं काढायला?" ती म्हणाली. "ठेवा ते. आधी ठेवा."

ती सायकल घेऊन वरच्या वळणापर्यंत गेली आणि तिथून आली. आता सगळं माहीत होतं. टोक वाटतं त्याहून जवळ आहे, जवळ आहे, असं ती मनात म्हणत होती. पण डोळे ऐकेनात. फळी समोर लांबच लांब पसरली होती, आणि बोटं ब्रेकवर गेली. ती पानांत पडली, या वेळी आडवी, कोपर खरचटून.

लवू धावत आले. त्यांच्या परीने धावत. "लागला?"

"नाही."

"सोड गो बाय. फळीच ती."

"फळीच नाहीये ती!" ती ओरडली, आणि मग त्यांच्याकडे न बघता सायकल उचलायला लागली.

*

शर्मिष्ठा आणि निहार आले तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली आलं होतं. निहारने पाहुण्यांसाठी पोह्यांचा मोठा डबा आणला होता. श्रुतिकाचं कोपर बघून तो मस्करी करायचा थांबला.

बोलायला आधी लवूच पुढे आले. "मॅडम, चूक माझी आहे. पोरीची नाय. फळी पुढे निमुळती आहे, त्यामुळे नजर फसते. सवयीनं केली."

शर्मिष्ठा फळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. एक डोळा मिटून बघितलं. मग नाला ओलांडून पलीकडून बघितलं. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू आणि आठी दोन्ही होती.

"काका, मी इतके दिवस इथे येतेय आणि मला दिसलं नाही. माझीच मला लाज वाटतेय. फार सुंदर केलंयत." मग ती श्रुतिकाकडे वळली. "आणि धोक्याचं आहे. सुंदर आहे म्हणून नियम बदलणार नाही. कुणाच्यातरी मनगटावर जाईल."

"बदल म्हणतंय कोण?" श्रुतिका म्हणाली. तिचा पाय पॅडलवर होता आणि पॅडल मागे-पुढे होत होतं. "पाहुणे येईपर्यंत वेळ आहे ना?"

"गाड्या लिंक रोडला लागल्यायत. फोन आला होता."

"मग एकदा."

"कोपर?"

"कोपराने नाही चालवत मी."

निहार म्हणाला, "हां, हे बरोबर आहे," आणि कुणीच हसलं नाही म्हणून पोह्यांचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

लवू मघापासून फळीकडे, मग मुलीकडे, मग पुन्हा फळीकडे बघत होते. अचानक त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि नाला उतरून पलीकडे निघाले. चढताना गुडघा धरला. फळीच्या टोकापलीकडे, मुरमाच्या उतारावर थोडं बाजूला जाऊन उभे राहिले, वळले, आणि उजव्या हाताची मूठ कानाजवळ उंच धरली.

"श्रुती! इकडे बघ. मुठीकडे."

"काय?"

"लूक देतोय तुका! हिरॉईन लोकांना देतात तसा. समोर कोण नसता, तरी बोलायचा असता त्यांना. मग आमच्यातला एक जण मूठ धरून उभा राहतो. तिकडेच बघायचा. टाळी पडली, लाईट पडली, कायपण पडला, तरी नजर काढायची नाय." ते थांबले. मोठ्याने बोलायची सवय गेली होती. आवाज फाटत होता. "फळीकडे बघू नको. ती खोटी आहे. मी नाय."

श्रुतिका वरच्या वळणावर गेली. तिथून सगळं लहान दिसत होतं. फळी, नाला, माणसं. तिने बाबांकडे बघितलं. पांढरा शर्ट, पायघोळ पँट, वर धरलेली मूठ. ती जन्मल्यापासून या माणसाला लांबून येताना बघत आली होती. चाळीच्या टोकाला, बसस्टॉपवर, शाळेच्या फाटकाशी. हा माणूस एवढा दिसला की किती लांब आहे, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

ती निघाली.

ओंडक्यांची शेवटची ठेच बसली, मग मऊ माती, मग चाकाखाली लाकडाचा पोकळ आवाज. फळी होती, पण नुसती खाली कुठेतरी, पायऱ्या उतरताना पायरी असते तशी. मूठ समोर होती. मूठ मोठी होत होती. फळीच्या कडा डोळ्यांच्या कोपऱ्यातून ओढत होत्या, लांब आहे, अजून लांब आहे, आणि तिची बोटं एकदा ब्रेककडे उचलली गेलीच. मुठीवरचे पांढरे केस दिसायला लागले. एवढ्या जवळ! तिने बोटं परत हँडलवर मिटली आणि पॅडल दाबलं. मागचं चाक कुठेतरी कडेवरून घसरल्यासारखं झालं, शर्मिष्ठाने मागे "ए" असं काहीसं म्हटलं, आणि लाकडाचा आवाज बंद पडून मुरूम करकरला.

ती बाबांना जवळजवळ धडकलीच. ते हलले नव्हते. तिचं मागचं चाक पूर्ण जमिनीवर आलेलं बघितल्यावरच त्यांनी मूठ खाली घेतली.

"कट," ते म्हणाले.

निहार पलीकडे पोह्यांच्या डब्यासकट नाचत होता. शर्मिष्ठाने दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. "आता माझा नंबर!" निहार ओरडला, डबा तिच्या हातात कोंबला आणि सायकल घ्यायला धावला. नियमाप्रमाणे फळी आता खुली होती.

तो रुबाबात आला, मधल्या टेकूपर्यंत रुबाबातच होता, आणि मग ज्या जागी श्रुतिका महिनाभर पडत होती बरोबर त्या जागी, त्याच प्रकारे, खाली गेला.

"काका!" पानांतून त्याचा आवाज आला. "टोक कुठे ठेवलंयत? होतं ना इथेच?"

लवू इतके हसले की त्यांना खोकला आला.

"पाटी लावू इथे," शर्मिष्ठा म्हणाली. "टोक वाटतं त्याहून जवळ आहे, पुढे फळी अरुंद आहे. आणि पडणाऱ्यांसाठी आणखी पानं टाकू. बाकी जमेल त्याने जावं."

*

गाड्या आल्या. फाटकाशी गर्दी झाली, ओळखी, हसणं, टायरांमध्ये हवा भरल्याचे आवाज. कुणीतरी श्रुतिकाला फळीबद्दल विचारत होतं, आणि ती उत्तर देत असताना तिच्या लक्षात आलं, बाबा दिसत नाहीत. पिशवीही नव्हती.

मग नाल्याकडून हातोडीचा आवाज आला.

ती धावत उतरली. लवू फळीखाली पानांत बसले होते. त्यांच्या डोक्यावर संगमरवर होता, करड्या शिरांचा, अजून चकचकीत. जंबूर बाजूला पडलं होतं. हातात हातोडी होती, आणि ते खिळे ठोकत होते. आत.

ती त्यांच्या शेजारी बसली. ते एक खिळा ठोकत, थांबत, अंगठ्याने चाचपत, पुढच्याकडे जात. काही खिळे झाल्यावर ती पुढे वाकली. सगळ्या खिळ्यांची डोकी अजून थोडी बाहेरच होती. आधी बोटभर होती, आता नखभर. हात त्या जागी आपोआप थांबत होता.

"बाबा, हा पूर्ण नाही बसला."

"बसलो गो."

"नाही बसला. डोकं लागतंय हाताला."

त्यांनी चाचपलं. "पुरो ठोकलो तर मग उपटता नाय यायचो," ते म्हणाले. "पुढे कधी फळी काढूची झाली तर फोडूची लागतली."

"मग फोडू दे ज्याला फोडायचीय त्याला."

वरून कुणीतरी फळीवर आलं. लाकडाचा पोकळ आवाज त्यांच्या डोक्यावरून मधल्या टेकूपर्यंत गेला, डळमळला, आणि पलीकडे पानांत धप्प झाला. शिवी आणि हसणं एकदमच ऐकू आलं. लवूंनी आवाज संपेपर्यंत वाट बघितली. मग हातोडी उचलली, नेम धरून मारली आणि डोकं नखभर बाहेर असतानाच थांबवली.

"अजून एक," श्रुतिका म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने आपली मूठ खिळ्याच्या बाजूला, लाकडाला टेकवून धरली. मांडी घालून दुमडलेला तिचा पाय हलत नव्हता.

"अजून एक, बाबा."

त्यांनी घाव घातला.